अंग सुटतं ते नुसत्या वयाने नव्हे



वस्तीत वजनकाटा घेऊन बसलं की एक वाक्य आम्हाला हमखास ऐकू येतं : "आता वय झालं ताई, अंग सुटायचंच." कोणी कौतुकाने म्हणतं, "खात्यापित्या घरची आहे." या दोन वाक्यांनी आपल्या समाजाचं मोठं नुकसान केलं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या वाक्याने माणूस हात टेकतो, दुसऱ्याने आजाराच्या वाटेलाच सुबत्ता समजतो. मग पंचेचाळिशीत शुगर निघते, पन्नाशीत बीपी, आणि एक दिवस अर्धांगाचा झटका येऊन घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळतो.

वयाचा दोष किती?

वयाबरोबर शरीराची भट्टी मंदावते, असं सगळे धरून चालतात. 29 देशांतल्या 6,400हून अधिक माणसांची मोजमापं एकत्र करून केलेला एक अभ्यास 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला, तर विशीपासून साठीपर्यंत शरीर रोज जवळपास तेवढीच ऊर्जा जाळतं, असं त्यात दिसलं. खरी उतरण साठीनंतर लागते आणि तीही हळूहळू. तेव्हा तिशी-चाळिशीत सुटलेल्या पोटाचा सगळा दोष वयावर टाकता येत नाही.

मग बदलतं काय? तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी कमी होतात. वापरले नाहीत आणि डाळ-अंडी पोटात गेली नाहीत, तर जास्तच. काम बदलतं. विशीत घमेली उचलणारा गडी चाळिशीत वॉचमन होतो किंवा दहा-बारा तास रिक्षा चालवतो. ताटातला भात मात्र घमेली उचलतानाचाच राहतो. झोप तुटते. रात्रपाळी, एका खोलीत पाच माणसं, उशिरापर्यंत टीव्ही. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं.

बायकांचं आणखी वेगळं. प्रत्येक बाळंतपणात वाढलेलं थोडं वजन तसंच राहून जातं. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते, आणि त्या सुमारास मांड्या-कमरेवरची चरबी पोटाकडे सरकते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनने अंग सुटतं, हा मात्र गैरसमज आहे. त्यात फक्त नळ्या बंद करतात. बीजकोश आणि त्यांची संप्रेरकं जागेवरच असतात. गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील, तर पाळी एकदम जाते आणि त्याचा परिणाम शरीरावर होतो. म्हणून पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

काट्यावर न दिसणारी चरबी

"मी तर बारीकच आहे" म्हणणाऱ्यांनीही गाफील राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि एक ब्रिटिश डॉक्टर यांचा फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच : 22.3. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही त्यांना असंच दिसलं. बाळ वजनाने लहान, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. आईच्या पोटात कमी मिळालेलं शरीर पुढे थोडं जास्त मिळालं तरी ते पोटात साठवतं.

म्हणून काट्याइतकीच टेपही महत्त्वाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कपड्याखालून शिंप्याची टेप लावा. पुरुषांचा घेर 90 सेंटीमीटरच्या वर आणि बायकांचा 80च्या वर गेला, की शुगर-बीपीचा धोका वाढला असं समजा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा हा घेर नोंदवण्याची जागा आशाताईंच्या फॉर्मवर आहे. त्या दारात आल्या की "आम्हाला काही झालं नाही" म्हणून परत पाठवू नका.

'कमी खा' कोणाला सांगता?

दवाखान्यात सरसकट सल्ला मिळतो : खाणं कमी करा. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला हे सांगून काय साधणार? आम्ही अशा कितीतरी भगिनी पाहतो, ज्यांचं वजन जास्त आणि रक्त कमी, दोन्ही एकाच वेळी. त्यांच्या ताटात भात-चपाती भरपूर असते. डाळ पातळ, अंडं मुलांना, मटणाचे तुकडे पुरुषांना, हिच्या वाट्याला तर्री. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, ते मुख्यतः गहू-तांदूळ. त्याने पोट भरतं, पण स्नायूंचं पोषण होत नाही. रेशनवर डाळ नियमित मिळावी, ही मागणी म्हणूनच आरोग्याची मागणी आहे आणि ती आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

तोवर घरात करता येईल ते असं :

भात-चपाती एक चतुर्थांश ताट, डाळ-उसळ-अंडं-मासळी एक चतुर्थांश, उरलेलं अर्धं ताट भाजी आणि कांदा-काकडी-टोमॅटो. हे ताट आईचंही तसंच असलं पाहिजे. मूठभर फुटाणे किंवा एक उकडलेलं अंडं रोज प्रत्येकाच्या पोटात जावं. सुकट-बोंबील उत्तम, पण बीपी असेल तर पाण्यात भिजवून, दोन-तीनदा धुऊन घ्या, म्हणजे मीठ उतरेल.

तेल या महिन्यात किती लागलं ते आधी मोजा. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर, इथवर हळूहळू या.

चहाचा हिशोब करा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे एकट्याच्या पोटात महिन्याला 1,200 ग्रॅम साखर जाते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनींना तर घरोघरी चहा-बिस्किटं मिळतात आणि तेच जेवण होतं. दोन घरी नम्रपणे नको म्हणा, डब्यात चपाती-उसळ ठेवा.

दिवसभर ओणवं होऊन काम करणाऱ्या बाईला आम्ही पहाटे चालायला जा म्हणणार नाही. तिला झोप हवी. पण बसून काम करणाऱ्यांनी आठवड्यातून 150 मिनिटं भरभर चालावं. स्नायू टिकवायला सगळ्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावं-बसावं, भिंतीला हात लावून दहा वेळा दंड काढावेत. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या.

घाई करू नका. 80 किलोच्या माणसाचं चार किलो वजन उतरलं, तरी शुगर आणि बीपीत फरक पडतो.

ही चरबी नसू शकते

पोट झपाट्याने वाढलं आणि हातपाय बारीक झाले, पायावर सूज आली, धाप लागू लागली, तर डाएट करत बसू नका, दवाखाना गाठा. वजनाबरोबर थकवा, थंडी वाजणं, केस गळणं असेल तर थायरॉईडची तपासणी करा. गुडघेदुखीसाठी बिननावाच्या पुड्या घेणाऱ्यांचा चेहरा आणि पोट सुजल्यासारखं दिसू लागतं, कारण त्यांत बरेचदा स्टिरॉइड असतं. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपोसथाला दुपारनंतरचं जेवण सोडण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

एकट्याने होत नाही

संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची गोष्ट आहे. तो भरपूर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने आपल्या सेवेतल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की म्हणायला सांगितलं. भात हळूहळू कमी झाला, राजाचं शरीर हलकं झालं. आठवण करून द्यायला राजालाही दुसरं माणूस लागलं, तर आपल्याला लागणारच.

म्हणून प्रत्येक विहारात एक वजनकाटा, एक टेप आणि एक वही ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर घेर मोजून वहीत लिहा. वहीचं काम दहावी-बारावीच्या मुला-मुलींकडे द्या. संध्याकाळी विहाराचा हॉल तासभर बायकांच्या व्यायामासाठी उघडा. रस्त्यावर दिवे नाहीत, बाग नाही, मग त्यांनी जायचं कुठे? महापालिकेकडे दिवे आणि मैदान मागायचा अर्जही त्याच हॉलमध्ये बसून लिहा.

वर्षावासाचे तीन महिने आपण ग्रंथवाचनाला एकत्र येतोच. यंदा आषाढी पौर्णिमेला पहिली नोंद करा आणि अश्विनी पौर्णिमेला वही उघडून दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

जयभीम. नमो बुद्धाय.