गाडीतली चिमणी

मागच्या पावसाळ्यातली ही आमच्या घरातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. गाडी जुनी घेतलेली, हप्ते अजून चालू. सकाळी आठ मुले शाळेत पोहोचवायची, दुपारी घरोघर आणून सोडायची, यावरच त्याचा संसार.

जुलैत गाडीतून चिवचिव आवाज यायला लागला. थोडा वेळ यायचा, मग एकदम गप्प. मुलांना तर मोठी मजा वाटली. "काका, गाडीत चिमणी आहे!" म्हणून सगळी सीटखाली वाकून बघायची. भावाने पहिला आठवडा गाण्यांचा आवाज मोठा करून काढला.

पुढे मात्र गॅरेज गाठावेच लागले. मिस्त्रीने सीट उचलून इंजिन चालू केले, कान लावला, तर चिमणी गप्प. "फॅन बेल्ट असेल," म्हणून बेल्ट बदलला. चार दिवसांनी पुन्हा चिवचिव. मग अल्टरनेटरचे बेअरिंग बदलले. दोन खेपांत २,३०० रुपये गेले आणि आवाज होता तिथेच राहिला. भाऊ वैतागला. "दादा, मिस्त्री लुबाडतोय आपल्याला."

मी विचारले, "तू त्याला सांगितलंस काय?"

"चिवचिव येते, बघा. एवढंच."

आता यात मिस्त्रीला किती दोष द्यायचा? जो आवाज त्याने ऐकलाच नाही, त्याचा त्याने अंदाज बांधला. चिवचिव म्हटले की दहातले आठ जण बेल्टच म्हणतील. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढेच सांगितले, तर तोही बिचारा काय करणार?

माझी पुतणी आठवीत आहे. त्याच गाडीतून शाळेत जाते. तिने एक जुनी वही काढली आणि रकाने आखले. वेळ काय, वेग किती, गाडी उभी की चालती, ब्रेक दाबला की नाही, क्लच दाबला की नाही, पाऊस की कोरडे. वडिलांच्या शेजारी बसून चार दिवस ती लिहीत होती. पाचव्या दिवशी रात्री आम्ही ती वही वाचायला बसलो.

गाडी उभी असताना आवाज एकदाही नव्हता, इंजिन कितीही रेस केले तरी नाही. म्हणजे बेल्ट आणि अल्टरनेटर दोन्ही बाद, कारण ते इंजिनबरोबर फिरतात. ब्रेक दाबल्याने फरक पडत नव्हता, म्हणजे ब्रेक पॅडवरचा संशय कमी झाला. खड्ड्यांशीही संबंध दिसत नव्हता. आवाज साधारण १५ ते २५ च्या वेगात यायचा. वेग वाढला की चिवचिवही भरभर व्हायची, आणि क्लच दाबून गाडी नुसती पुढे जाऊ दिली तरी चालूच राहायची. म्हणजे आवाज चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी होता.

वही घेऊन बाप-लेक गॅरेजला गेले. मिस्त्रीने ती नीट वाचली आणि म्हणाला, "ही आधी का नाही आणलीत?" गाडी वर घेतली, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट त्याने हाताने फिरवला. शाफ्टच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस असतो. त्याच्या चारही टोकांना वाट्या, आणि वाट्यांत सुईसारखी बारीक बेअरिंगे. एका वाटीभोवती गंजाची लाल भुकटी जमली होती. सील फाटून पावसाचे पाणी आत गेले होते, ग्रीस धुऊन निघाले होते आणि कोरड्या सुया चिवचिवत होत्या. क्रॉस उघडला तेव्हा निम्म्या सुयांचा भुगा झालेला. मिस्त्री म्हणाला, "अजून थोडे दिवस चालवली असती तर शाफ्ट रस्त्यात निखळला असता." नवा क्रॉस आणि मजुरी मिळून ८५० रुपये झाले.

भाऊ घरी येऊन बराच वेळ काही बोलला नाही. आठ मुले मागे बसवून त्याने तो आवाज गाण्यांखाली दाबला होता, हेच त्याच्या मनात घोळत असावे.

आपल्यापैकी कितीतरी घरे रिक्षा, टेम्पो, व्हॅनवर चालतात. तेव्हा आवाज आला की आधी एवढे बघा. उभ्या गाडीत येतो का? येत असेल तर इंजिनकडचा, बहुधा बेल्टचा. चालू इंजिनच्या बेल्टजवळ हात, ओढणी किंवा सैल बाही मात्र नेऊ नका. ब्रेक दाबताच बदलतो का? डिस्क ब्रेकच्या काही पॅडला पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून ओरडते, ती गाडीने दिलेली सूचनाच समजा. खड्ड्यातच येतो का? मग पाटे, बुश, शॉकअब्सॉर्बर बघा. वेगाबरोबर भरभर होतो का? मग चाकाचे बेअरिंग किंवा शाफ्टचा क्रॉस. ही तपासणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर, गाडीत मुले नसताना करा. चालत्या गाडीची चावी कधी बंद करू नका. इंजिन बंद पडले की ब्रेक जड होतो, आणि काही गाड्यांत स्टिअरिंगही अडकते. एका वेळी एकच वस्तू बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. बदललेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा.

आता गाडी गप्प आहे. चिमणी गेली म्हणून मुलांना थोडे वाईट वाटले. वही अजून डॅशबोर्डच्या खणातच आहे. ऑइल कधी बदलले, हवा कधी भरली, क्रॉसला ग्रीस कधी दिले, हे आता भाऊ त्यात स्वतः लिहितो. लेक अधूनमधून तपासते.