नकाशात नसलेले बेट

वर्तमानपत्र खऱ्या बातम्यांसाठी असते. मग एखाद्या वर्तमानपत्राने मुद्दाम सात पाने भरून खोटी माहिती छापली, तर तिला काय म्हणावे? फसवणूक की कोडे?

१ एप्रिल १९७७ रोजी इंग्लंडमधील 'द गार्डियन' या दैनिकाने अशी पुरवणी काढली. हिंदी महासागरातील 'सॅन सेरीफ' या देशाला स्वतंत्र होऊन दहा वर्षे झाली, असे तिचे निमित्त होते. दोन मुख्य बेटे, राजधानी, बंदर, राज्य करणारे सेनापती, सारी माहिती तपशीलवार दिली होती. नकाशा होता. नामांकित कंपन्यांच्या जाहिरातीही होत्या. अनेक वाचकांना ते सारे खरे वाटले. प्रत्यक्षात असा देश पृथ्वीवर कोठेच नव्हता!

मला ही नुसती थट्टा वाटत नाही. ते पायऱ्यापायऱ्यांचे कोडे होते आणि त्याची किल्ली त्याच पानांत ठेवलेली होती.

पहिली खूण तारखेची. पण १ एप्रिलला खऱ्या बातम्याही छापल्या जातातच, म्हणून तेवढ्यावर निकाल देता येत नाही. आता नकाशा पाहा. वर एक गोल बेट, खाली शेपटी वळलेले दुसरे. दोन्ही मिळून झाला अर्धविराम! (उर्दूत टिंब खाली आणि शेपटी वर असते, म्हणून उर्दू वाचणाऱ्याला ही खूण जरा उशिरा दिसेल.) हाही योगायोग असू शकतो. मग नावांकडे वळावे. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना ज्या बारीक रेघा असतात, त्यांना 'सेरीफ' म्हणतात. त्या नसलेली अक्षरे 'सॅन्स सेरीफ'. राजधानी बोडोनी, हे तर इटलीतील एका प्रसिद्ध मुद्रकाचे नाव आणि त्याच्या अक्षरवळणाचेही. सेनापती पायका, पायका हे छपाईतील माप. बेटांची नावे 'अपर केस' आणि 'लोअर केस'. जुन्या छापखान्यांत मोठ्या इंग्रजी अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत व लहान अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवत, त्यावरून हे शब्द आले. एवढ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या, की योगायोग संपतो.

त्या काळी घरोघरी संगणक नव्हते. हे शब्द छापखान्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे मोठमोठे शिकलेले लोक फसले असतील, आणि खिळे जुळवणारा कामगार मनातल्या मनात हसला असेल. मला ही गोष्ट फार आवडते. कोडे सोडवायला हुशारी लागते असे आपण म्हणतो. माझ्या मते एखाद्या कामाची नीट ओळख हुशारीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

काहीजण म्हणतील, गमतीसाठी वाचकांचा विश्वास का मोडावा? या म्हणण्यात तथ्य आहे. पण कोडे रचणाऱ्याला ते सुटायला हवे असते. हे बेट दरवर्षी सुमारे १.४ किलोमीटर श्रीलंकेकडे सरकते, असेही त्या पुरवणीत छापले होते. खंडसुद्धा वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतात, हे भूगोलात शिकलेला विद्यार्थी तेथेच थबकेल.

अफवा रचणारा मात्र किल्ली ठेवत नाही. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेमुळे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशा वेळी खुणांऐवजी उणिवा शोधाव्या लागतात. तारीख आहे का? गाव कोणते? हे प्रथम कोणी पाहिले? एकाही प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो निरोप पुढे पाठवू नये.

म्हणून प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा असे खोटे वर्तमानपत्र निघावे, असे मला वाटते. उर्दूत तर ते फारच रंगेल. 'नस्तालीक' नावाचा देश, 'नुक्ता' ही त्याची राजधानी आणि कातिबखान तिथले वजीर! तुमच्या ओळखीत कोणी जुने कातिब असतील, तर त्यांच्याकडून किताबतीतले आणखी शब्द मिळवा. कलमाच्या टोकाने काढलेल्या नुक्त्यांनी अक्षराची उंची कशी मोजतात, तेही ते दाखवतील. मात्र किमान चार खुणा ठेवा, आणि शाळा सुटेपर्यंत उत्तर कोणालाही सांगू नका.