उद्या काय करायचं?

पांढरकवड्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच डबा घेऊन वावरात निघतात. म्हणजे घरची चूल त्याच्याही आधी पेटलेली असते. त्याच घाईत रश्श्यात सोडायच्या पातोडीचं बेसन घोटायचं. आधणात पीठ एकदम पडलं, की गोळ्याचा वरचा थर तिथल्या तिथे शिजतो, आत कोरडं पीठ कोंडतं आणि गाठी होतात. मग कितीही घोटा, फुटत नाहीत. एवढ्यात कुणीतरी दप्तर मागतं, दूध उतू जातं आणि रश्श्यात मीठ घातलं की नाही, तेच आठवत नाही. दुसऱ्यांदा पडलं, की ताटावरचा पहिला शब्द ‘खारट’! डोकं दहा ठिकाणी वाटलेलं असलं, की असं होणारच. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी 289 मिनिटं गेलेली दिसली, पुरुषांची 88. पण तेल संपत आलंय, म्हाताऱ्यांना तिखट सोसत नाही, संध्याकाळी भाजी कोणती, हा वावरातही चालणारा विचार मिनिटांत मावत नाही. घरातल्या पुरुषांनो, पोळ्या लाटता येत नसतील तर राहू द्या. पण उद्या काय करायचं ते आज रात्री तुम्ही ठरवा आणि लागणारं सामानही तुम्हीच आणून ठेवा.