संगणकाचं पाठांतर

११ मे १९९७. न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा ‘डीप ब्ल्यू’ संगणक यांच्यातला सहावा, निर्णायक डाव. काळी मोहरी घेऊन बसलेल्या कास्पारोव्हने कारो-कान बचाव निवडला आणि सातव्या खेळीला हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं. संगणकाने चक्क घोडा देऊन राजासमोरचं प्यादं मारलं! एका प्याद्यापायी घोडा घालवण्याचा हिशेब त्या काळी संगणकांना सहसा पटत नसे. कास्पारोव्हही त्याच भरवशावर असावा. एकोणिसाव्या खेळीला त्याने डाव सोडला, सामनाही गेला.

सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासू शकणाऱ्या यंत्राने ही खेळी शोधून काढली असेल, असं कुणालाही वाटेल. पण ती पढवलेली होती. सुरुवातीच्या खेळींचं ‘ओपनिंग बुक’ यंत्राच्या स्मृतीत असतं. पटावरची स्थिती त्यात सापडली, की डोकं न चालवता चाल! डीप ब्ल्यूच्या बुकात ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी सुमारे चार हजार स्थिती स्वतः निवडून भरल्या होत्या. शिवाय सात लाख डावांचा संग्रह दिमतीला. नुसती चांगली चाल भरून मात्र भागत नाही. पाठांतर संपेल तिथून पुढचा डाव यंत्राला झेपायला हवा, नाहीतर तो वेग काय कामाचा?

या सहकाऱ्यांपैकी स्पेनचे मिगेल इयेस्कास यांनी २००९ साली एका मुलाखतीत सांगितलं, की घोड्याची ती चाल बुकात घातली होती त्याच दिवशी सकाळी.