‘फ्रीस्पेस २’ : एक अभिप्राय

पहिल्या खेळाचा विजय दुसऱ्यांत अधिक थाटानें मांडण्याचा मोह सर्वांनाच होतो. व्होलिशन कंपनीचा १९९९ सालचा ‘फ्रीस्पेस २’ हा अंतराळयुद्धाचा संगणकीय खेळ त्यास बळी पडला नाहीं. १९९८ च्या पहिल्या भागांत शिव्हन शत्रूंची एक महानौका फोडली कीं युद्ध संपतें. येथें तिच्याहून मोठी फोडावी, तों तशा ८० हून अधिक पुढें येतात. अखेरीस कपेला ताऱ्याचा स्फोट जवळ येतो. निर्वासितांच्या नौकांस वाट करून देणें एवढेंच वैमानिकाच्या हातीं उरतें. स्वतः निसटावें कीं मागें राहावें, हें खेळणाऱ्यानेंच ठरवावयाचें. शत्रूच्या हेतूचें कोडें सुटत नाहीं, हा दोष खरा. तथापि जय अशक्य असतांही कर्तव्य उरतें, हें शिकविणारा हा दुसरा भागच आम्ही श्रेष्ठ मानतों.