पास खिशात, जॅमर चाकात

पार्किंगचा ठेकेदार तुम्हाला दंड करू शकत नाही. पनवेलमध्ये रोज सकाळी गाडी लावून लोकलकडे पळणाऱ्या बहुतेकांना याच्या उलटं खरं वाटतं, म्हणून सुरुवातीलाच सांगतोय. तो भाडं घेऊ शकतो. गाडी जास्त वेळ राहिली तर ठरलेल्या दराने जास्तीचं भाडं मागू शकतो. तुमच्यामुळे त्याचं खरोखर नुकसान झालं असेल तर भरपाई मागू शकतो. पण दंड ही शिक्षा आहे. शिक्षा करायला कायद्याने दिलेला अधिकार लागतो, आणि तो निविदा भरून मिळत नाही.

या सगळ्यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो पासधारक. सुकापूर, विचुंबे, करंजाडे, पळस्पे अशा ठिकाणांहून माणसं बाईकवर स्टेशनपर्यंत येतात. तिथून कोणी हार्बरने सीएसएमटीकडे जातं, कोणी ट्रान्सहार्बरने घणसोली-ऐरोली-ठाण्याकडे. रोज पावती फाडायला वेळ नसतो, म्हणून महिन्याचा पास काढतात. पासधारक पैसे आधी देतो. रविवारी गाडी लावली नाही तरी त्याचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे ठेकेदाराचं सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक तोच. आणि वसुलीसाठी सगळ्यात सोपंही तोच, कारण तो उद्या परत येणार आहे. फुकटात गाडी लावून जाणारा एकदाच सापडतो, पासवाला रोज सापडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

कारणं पाहा. पावसात स्टिकर निघाला. बाईक सर्व्हिसिंगला टाकली म्हणून भावाची स्कूटर आणली. पासवाल्यांची रांग भरलेली होती म्हणून शेजारच्या रांगेत लावली. पास एक तारखेला नवा केला, पण पोराच्या हातातली यादी गेल्या महिन्याची. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या प्रकारात तर ठेकेदाराचा एक रुपयाही बुडालेला नाही. पैसे त्याच्याकडे जमा आहेत. बुडालंय ते फक्त त्या पैशांचं दर्शन.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा युक्तिवाद मला जरा जास्तच खुपतो. पास म्हणजे काचेवरचा कागद नव्हे. पास म्हणजे एक नोंद: अमुक नंबरच्या गाडीचे अमुक तारखेपर्यंतचे पैसे आले. कागद ही त्या नोंदीची आठवण. नोंद ठेकेदाराकडे असते, पैसे घेताना गाडीचा नंबर त्यानेच लिहून घेतलेला असतो. जॅमर लावण्याआधी तो नंबर यादीत शोधायचा, एवढंच काम. त्यासाठी ॲप लागत नाही, दोनशेपानी वही पुरते. ते काम न करता चाक अडकवायचं आणि मग सिद्ध करण्याचं ओझं गाडीवाल्यावर टाकायचं, हा आळस आहे. पण या आळसाचे पैसे मिळतात, म्हणून तो सुधारत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बाईकला असाच जॅमर लागला. पास चालू होता, पैसे यूपीआयने दिलेले होते, नंबर त्यांच्याच वहीत होता. मुलाने बोर्डाकडे बोट दाखवलं: पास दर्शनी भागात नसल्यास दंड ५०० रुपये. मी म्हटलं, वही उघड. तो म्हणाला, साहेबांना विचारा. साहेबांचा फोन लागेना. चाळीस मिनिटांनी वही उघडली गेली आणि जॅमर निघाला. जागेचं नाव देत नाही, कारण प्रश्न एका बोर्डाचा नाही. त्या चाळीस मिनिटांत माझ्या शेजारच्या दोघांनी मुकाट्याने पैसे भरले. एकाला नाइट शिफ्ट गाठायची होती. दुसऱ्याच्या गाडीवर मागे लहान मूल पेंगत होतं. त्या ५०० रुपयांना दंड म्हणणं चूक आहे. ती अडलेल्या माणसाकडून घेतलेली सुटकेची किंमत आहे.

आता कायद्याकडे येऊ. चाकाला जॅमर लावण्याचा थेट उल्लेख मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेली, किंवा कायद्याने मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलायला वा जॅम करायला परवानगी देता येते. ती कोणी द्यायची? त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने. ठेकेदाराचं जॅकेट म्हणजे तो गणवेश नव्हे. शिवाय पैसे भरून, पार्किंगसाठीच आखलेल्या जागेत उभी केलेली गाडी ‘मनाई असलेल्या जागी’ कशी काय होते?

सरकारी दंडाशी तुलना करा. याच कायद्याच्या कलम १७७ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, साध्या उल्लंघनाला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. हा आकडा संसदेने ठरवला. ई-चलानवर तारीख, ठिकाण, कलम असतं. ते मान्य नसेल तर तक्रार करता येते, कोर्टात उभं राहता येतं. पैसे सरकारी तिजोरीत जातात. खासगी बोर्डावरचा आकडा ठेकेदार ठरवतो, गुन्हा तो ठरवतो, निकाल तो देतो, वसुली तो करतो आणि पैसेही त्याच्याच खिशात जातात. अपील कुणाकडे? साहेबांकडे, आणि साहेबांचा फोन लागत नाही.

एवढंच कशाला, आपल्या सोसायटीचं बघा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला दंड करायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं सर्वसाधारण सभेने ऐकावं लागतं, आणि वर्षाला ५,००० रुपयांची मर्यादा असते. वर्षानुवर्षं एकाच जिन्याने चढणाऱ्या शेजाऱ्यांनाही जी सत्ता नोटिशीशिवाय मिळत नाही, ती पार्किंगवाल्याला एका पत्र्याच्या बोर्डाने मिळते, असं आपण मानून बसलोय.

यावर ठेकेदाराचा वकील म्हणेल, हा दंड नाही, करार आहे. बोर्ड वाचून तुम्ही गाडी लावलीत, म्हणजे अट मान्य केलीत. ठीक आहे, कराराचाच कायदा बघू. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेह चंद खटल्यात हे मांडलं आणि २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात स्पष्ट केलं की नुकसान झालेलं असणं ही या कलमाची मूळ अट आहे. मग पैसे भरलेल्या पासधारकाचा स्टिकर दिसला नाही, यात ठेकेदाराचं नुकसान किती? शून्य. शून्याची वाजवी भरपाई किती होते, त्याला कॅल्क्युलेटर लागत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तर आणखी सरळ बोलतो. झालेल्या नुकसानाच्या मानाने अवाजवी दंड लादणारी अट असेल, तर तो कलम २(४६) प्रमाणे अनुचित करार ठरू शकतो.

आणि आता पावतीच्या मागे बघा. तिथे बहुधा छापलेलं असतं: वाहन मालकाच्या जबाबदारीवर. हेल्मेट गेलं, आरसा फुटला, गाडीच गेली तरी आम्ही जबाबदार नाही. इथेच त्यांना प्रश्न विचारायला हवा. गाडी तुमच्या ताब्यात आहे की नाही? असेल, तर करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे तिची वाजवी काळजी घेणं तुमचं काम आहे. २०१९ मध्ये ताज महाल हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे दिलेली गाडी चोरीला गेली, तर पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. (तिथे चावी हॉटेलकडे होती. चावी आपल्या खिशात असेल तर तो निकाल जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.) आणि गाडी तुमच्या ताब्यात नसेल, तर तिला कुलूप कोणत्या हक्काने लावता? थकबाकीपोटी दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ मध्ये आहे. तो बँकर, अडत्ये, बंदरावरचे धक्केवाले, उच्च न्यायालयाचे अॅटर्नी आणि विमा दलाल यांना आहे. बाकी कोणाला हवा असेल तर तसा स्पष्ट करार लागतो. चोरी झाली की गाडी तुमची, दंड घ्यायचा की गाडी आमची, असं दोन्हीकडून चालणार नाही.

लोक म्हणतात, जॅमर काढला तर शिस्त राहणार नाही, फुकटे पासवाल्यांची जागा खातील. हा आक्षेप खरा आहे. भरलेल्या रांगेचा त्रास पासधारकालाच होतो. पण शिस्तीचे दुसरे रस्ते आहेत. बिनापास गाडीला दिवसाचं पूर्ण भाडं लावा. पासचा गैरवापर सापडला तर लेखी कळवून पास रद्द करा. रस्ता अडवणाऱ्या गाडीसाठी वाहतूक पोलिसांना बोलवा. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे खासगी पार्किंगचा दंड कोर्टाने मान्य केला आहे. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात, दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा जवळपास तासभर जास्त थांबलेल्या गाडीवरचे ८५ पौंड उचलून धरले. पण त्याच देशाने त्याआधी, २०१२ मध्ये, इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत परवानगीविना जॅमर लावणं गुन्हा ठरवलं होतं, आणि खासगी दंडावर अपिलाची स्वतंत्र सोय केली होती. ठेकेदाराच्या बाजूने निकाल देणाऱ्या देशालाही चाकाला लावलेलं कुलूप मान्य नाही. आपल्याकडे मात्र जॅमर आहे आणि अपील नाही.

म्हणून पुढच्या वेळी जॅमर दिसला तर आवाज चढवू नका. कुलूप लावणारं पोर महिन्याच्या पगारावर आहे, भांडण त्याच्याशी नाही. चार फोटो काढा: नंबरप्लेट, जॅमर, बोर्ड, आणि पास किंवा पैसे भरल्याचा मेसेज. वही बघायला सांगा. तरी पैसे मागितले तर कोणत्या अधिकाराखाली, ते लेखी मागा. गाडी सोडतच नसतील तर ११२ ला फोन करा. घाई असेल आणि भरावेच लागले तर यूपीआयने भरा आणि पावतीवर लिहा: हरकत नोंदवून भरले. रोख देऊन निघून गेलात तर तक्रारीला पुरावाच उरत नाही.

घरी आल्यावर जागा कोणाची ते शोधा: रेल्वेची, सिडकोची, महापालिकेची की खासगी. सरकारी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून ठेक्याच्या कराराची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्या करारात जॅमर आणि दंड हे शब्द आहेत का, एवढंच शोधायचं. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे भागलं नाही तर रायगड जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, ऑनलाइन दाखल करता येते. कायद्यातली एक खोच मात्र माहीत असू द्या. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्ह्याला चालते, पण करारातली अट अनुचित म्हणून रद्द करायचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. ५०० रुपयांसाठी इतकं कोण करणार, यावरच हा धंदा उभा आहे.

एकट्याने लढणं खर्चाचं आहे, म्हणून मागणी सगळ्या पासधारकांनी मिळून जागेच्या मालकाकडे करायला हवी. ठेक्याच्या करारात तीन ओळी घाला. नंबर यादीत तपासल्याशिवाय कोणत्याही गाडीला हात लावायचा नाही. जॅमर पोलिसांशिवाय कोणी लावायचा नाही. आणि तक्रार ऐकणारा माणूस वसुली करणाऱ्यापेक्षा वेगळा असेल, त्याचा चालू फोन नंबर दंडाच्या बोर्डाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेला असेल. तोवर बोर्डावर काहीही रंगवलेलं असो, पास चालू असलेल्या माणसाने ते ५०० रुपये देणं लागत नाही.