सुशीलेच्या देवानंतर

वामन मल्हार जोशी यांनी 1930 साली ‘सुशीलेचा देव’ या कादंबरीत एका विचारी स्त्रीच्या ईश्वरविषयक कल्पनेचा जो क्रमविकास रेखाटला, त्याचे मोठेपण मला यात वाटते की, श्रद्धा व संशय यांना त्यांनी एकाच मनात सारख्याच सन्मानाने नांदू दिले. पुढे जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’मध्ये संगणक व यंत्रमानव मराठी कादंबरीत आणले, परंतु या दोन प्रवाहांचा संगम घडवणारी थोर कृती अद्याप यावयाची आहे, आणि तिला अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याइतका समर्थ मुलूख दुसरा नाही. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. तेथे 2011 साली युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली, आणि शनीच्या चौथऱ्यावरील स्त्रीप्रवेश प्रदीर्घ संघर्षानंतर 2016 साली मान्य झाला. शिर्डीच्या साईबाबांचे दर्शन तर आता मोबाइलवरूनही आरक्षित होते. भाविकाला भोळा व नास्तिकाला उर्मट ठरवून फैसला देणारा लेखक येथे उपयोगाचा नाही. दिवसभर संगणकापुढे बसणारी, शनिवारचा उपवास पाळणारी आणि रात्री विवेकवादी नरेंद्र दाभोलकर वाचणारी एखादी नवी सुशीला हेरून तिची कैफियत अखेरपर्यंत ऐकणारा लेखक आम्हांस हवा आहे.